अबू युसूफचं स्वस्तातलं पिस्तूल

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी वर्षातून दोनदा तरी मला जिन्यात गाठतात, एकदा पाण्याच्या टाकीसाठी आणि एकदा पिस्तुलासाठी. दोन्ही विषयांत मला गती आहे असा त्यांचा समज आहे. मध्यंतरी त्यांच्या मजल्यावरून कुणाची तरी सायकल गेली, तेव्हापासून ते परवान्याचा अर्ज करायच्या विचारात आहेत.

"काका, खरं सांगा, स्वस्तातलं पिस्तूल स्वसंरक्षणाला भरवशाचं असतं का? की घ्यायचं तर भारीतलंच घ्यावं?"

"कुलूप घ्या," मी म्हणतो. "भारीतलं."

मी विषय टाळतो असं त्यांना वाटतं. टाळत नाही. उत्तर लांब आहे आणि आमचा जिना अरुंद. म्हणून ते इथे लिहून टाकतो. हा अंक त्यांच्याकडे जातोच.

पुण्याजवळच्या एका ऑर्डनन्स फॅक्टरीत मी फिटर होतो. बायको सुनंदा नर्स. कुवेत मुक्त झाल्यावर तिथल्या इस्पितळांना माणसं हवी होती. ब्याण्णव साली तिला जाब्रियाच्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली आणि वर्षभरानं मी राजीनामा देऊन तिच्या मागोमाग गेलो. बायकोच्या मागून परदेशी जाणारा नवरा तेव्हा आमच्या आळीत नवलाचा होता. निरोपाला आलेल्या प्रत्येकानं मला स्वयंपाक येतो का हे विचारून घेतलं.

शहराबाहेर वाळवंटात नेमबाजीचा एक क्लब होता. त्यांना हत्यारांची देखभाल करणारा माणूस हवा होता, ज्याला आर्मरर म्हणतात. तिथं मी पंधरा वर्षं काढली. राहायला अबू हलीफात, समुद्राजवळ. सुनंदा दिवसभर माणसांना शिवणाऱ्या सर्जनच्या हाताशी, आणि मी गोळ्या नीट सुटतील हे बघणार. "धंद्याची दोन्ही टोकं एकाच घरात," ती म्हणायची.

त्या भागात आपली बरीच मंडळी होती, तेलातले आणि पेट्रोकेमिकलमधले इंजिनियर. गणपतीच्या आरतीनंतर ओळखी व्हायच्या.

"कोणत्या प्लँटला?"

"प्लँट नाही. पिस्तुलं दुरुस्त करतो."

समोरचा गृहस्थ प्रसादाच्या द्रोणात बघायला लागायचा. दहा मिनिटांनी तोच मला कोपऱ्यात घेऊन विचारायचा, "आवाज कितपत होतो हो?" क्लबात मात्र मला सगळे 'मुहन्दिस' म्हणायचे, म्हणजे इंजिनियर. हातात पाना असलेला प्रत्येक हिंदी माणूस तिथं मुहन्दिस असतो. ही गोष्ट मी आरतीच्या मंडळींना कधी सांगितली नाही.

आता थोडं यंत्राबद्दल. पिस्तूल साधी वस्तू आहे, शिवणयंत्र त्याहून अवघड. मुठीत मॅगझिन बसतं. त्यात काडतुसं एकावर एक रचलेली असतात आणि खालून स्प्रिंग त्यांना वर ढकलते. वरचा सरकता भाग, स्लाइड, मागे ओढून सोडला की सगळ्यात वरचं काडतूस नळीच्या मागच्या चेंबरमध्ये जातं. चाप ओढला की पिन काडतुसाच्या बुडावर आपटते आणि गोळी सुटते. त्या धक्क्यानं स्लाइड आपणहून मागे जाते आणि पुढचं काडतूस आत घेते. पहिलं तेवढं माणसानं भरायचं असतं.

माझं काम होतं ही साखळी कुठे तुटते ते शोधायचं. पद्धत माझी स्वतःची होती. पिस्तूल स्वच्छ करायचं आणि मग मध्ये एकदाही न पुसता त्यातून शंभर गोळ्या झाडायच्या. जमलं तर तोझच्या दिवशी, म्हणजे वाळूचा धुरळा आभाळ पिवळं करतो तेव्हा, दार उघडं ठेवून. मग पुठ्ठ्याचा टॅग दोऱ्यानं बांधायचा. त्यावर दोनच शेरे असत, 'चालेल' किंवा 'चालणार नाही'. 'बरं आहे' असा तिसरा शेरा मी ठेवला नव्हता. फॅक्टरीत वीस वर्षं 'बरं आहे' ऐकून माझे कान किटले होते.

युद्धानंतर कुवेतमध्ये घरोघरी हत्यारं राहिली होती. सरकार अधूनमधून ती जमा करायला बजावायचं. आमच्याकडे परवान्याचीच यायची आणि त्यांतली निम्मी स्वस्तातली असायची. कुठल्या तरी देशाच्या सैन्यातून मोडीत निघालेली, काळा रंग उडालेली, मुठीला चहाच्या कपासारखं प्लॅस्टिक. लोक ती देताना जरा ओशाळत. त्यांना मी सांगायचो, रंगाकडे बघू नका.

एका बड्या गृहस्थांचं पिस्तूल मात्र सोन्याच्या मुलाम्याचं होतं. त्यावर त्यांचं नाव कोरलेलं, पेटीत हिरवी मखमल. त्यांची गाडी यायची तेव्हा मागे दोन रिकाम्या गाड्या यायच्या. पिस्तूल सातव्या गोळीला अडकलं, मग अकराव्या, मग मी मोजणं सोडलं. स्लाइड ज्या खाचांतून सरकते त्या खाचांतही सोनं चढवलं होतं. जागाच उरली नव्हती. मी 'चालणार नाही' बांधलं. आमचे मिसरी, म्हणजे इजिप्तचे, मॅनेजर दोन्ही तळवे पुढे करून धावत आले.

"मुहन्दिस, एवढ्या मोठ्या माणसाला हा टॅग?"

"टॅग माणसाला नाही बांधला. पिस्तुलाला बांधलाय."

शेवटी टॅग मखमलीखाली गेला आणि पिस्तूल दिवाणखान्यात काचेत. तिथं ते अजून उत्तम चालत असेल.

दुसरे एक सद्गृहस्थ पिस्तुलाला दर शुक्रवारी ऊदाचं अत्तर चोळायचे. तेल ते तेल, असा हिशेब. सहा वर्षांच्या अत्तरावर सहा वर्षांचा धुरळा बसून आत चिक्की झाली होती. ती खरवडली तेव्हा वर्कशॉपला तीन दिवस लग्नघराचा वास होता. आणखी एकाच्या बायकोनं भीतीपोटी मॅगझिन तेवढं दागिन्यांबरोबर बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं होतं.

"मग चोर आला तर?" मी विचारलं.

"सकाळी आठ ते बारा आला तर हरकत नाही," तो म्हणाला.

तर किंमत हा मुद्दा नाही, हे माझं ठाम मत झालं. स्वस्त पिस्तूल बहुतेकदा मॅगझिनमुळे अडकतं. त्याच्या तोंडाशी असलेले पत्र्याचे ओठ वाकतात, स्प्रिंग थकते. चांगलं मॅगझिन, ताजी काडतुसं आणि थोडं साधं तेल, एवढ्यावर ते शंभरात शंभर जातं. जेवताना मी हे सुनंदाला ऐकवलं. ती भात कालवत म्हणाली, "आमच्याकडे गोळी लागून येतात त्यांच्यातला एकही सांगत नाही हो, की महागातली लागली म्हणून."

अबू युसूफ पहिल्यांदा आला चौऱ्याण्णव साली. सरकारी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, सडपातळ, पांढऱ्या झग्याची इस्त्री कधी मोडलेली नाही. त्याच्या वडिलांची गलबतं खजूर घेऊन मुंबईला जायची, त्यामुळे लहानपणीची काही वर्षं त्यानं मुंबईत काढली होती. हिंदी बोलायचा ती त्या काळातली, बंदरावरची. खिशातून फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल काढून त्यानं टेबलावर ठेवलं.

"भाई, ये चलेगा क्या?"

मग त्यानं चार वाक्यांत हकिगत सांगितली. नव्वद साली कुवेत परक्या सैन्याच्या ताब्यात होतं, त्या दिवसांत तीन सैनिक घरात शिरले. धाकट्या भावाला, हमदला, पकडून नेऊ लागले. आपण दाराआड उभे होतो, हे पिस्तूल रोखून. चाप ओढला. टक् झालं आणि पुढे काहीच नाही. हमद सात महिन्यांनी सुटून आला, धडधाकट. बस. "सस्ता माल," तो म्हणाला आणि टेबलावर बोट आपटलं.

मी पिस्तूल उघडलं, साफ केलं, शंभर गोळ्या झाडल्या. शंभर सुटल्या. 'चालेल' बांधलं. त्यानं टॅग वाचला, मान हलवली आणि म्हणाला, "तेरे पास चलता है." तुझ्याकडे चालतं.

त्यानंतर तो दर हिवाळ्यात यायचा. एका वर्षी मी स्प्रिंग बदलली, एका वर्षी पिन, एका वर्षी मॅगझिनच नवं घातलं. दर वर्षी शंभरात शंभर, आणि दर वर्षी तेच, तुझ्याकडे चालतं. मला राग यायचा. कारागिराला याहून वाईट काय म्हणतात? चला रेंजवर, स्वतः झाडून बघा, असं मी दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा त्याला दुसरीकडे काम निघालं. आणि वर्कशॉपमध्ये मालकानं हत्यार हाताळायचं नाही असा नियम होता. तो मीच केलेला, मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावलेला. नऊ वर्षं मी ते पिस्तूल आतून बाहेरून तपासलं. ते त्याच्या हातात देऊन बघावं, हे मला सुचलं नाही.

दोन हजार तीनचा हिवाळा आला तेव्हा पुन्हा युद्धाची बोलणी सुरू होती. लोक खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्या लावत होते. आरतीच्या मंडळींनी बायकामुलं पुण्यामुंबईला धाडली होती. सुनंदाच्या हॉस्पिटलानं सगळ्यांच्या रजा रद्द केल्या, म्हणून मीही राहिलो. आमच्या बिल्डिंगमध्ये मागे राहिलेल्या पुरुषांत स्वयंपाक येणारा मी एकटाच, त्यामुळे माझा भाव वधारला होता.

अशात एका सकाळी अबू युसूफ आला, आणि या वेळी एकटा नाही. बरोबर एक गोल, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस, हातात जपमाळ. हा हमद. तो स्टुलावर कण्हत बसला आणि टेबलावरचं फडकं बघून म्हणाला, "हे अजून ठेवलंयस? दर हिवाळ्यात एकटाच कुठे जातोस, आम्हाला वाटायचं दुसरी बायको केलीस."

अबू युसूफ हसला नाही. "मुहन्दिस, ते पुन्हा आले तर या वेळी हे चाललं पाहिजे. घरात म्हातारी आई आहे. दोन नातवंडं आहेत. मला टॅग नको, त्या दिवशी काय बिघडलं ते सांग. त्या दिवशीची काडतुसं मी जपून ठेवलीत. गाडीत आहेत."

नऊ वर्षांत हे त्यानं पहिल्यांदाच सांगितलं. तो काडतुसं आणायला गेला. हमद दाराकडे बघत राहिला, मग मला समजावं म्हणून सावकाश अरबीत बोलला.

"माझा भाऊ चांगला माणूस आहे. त्या दिवशी मला नेताना मी वळून बघितलं. तो दाराआड होता, हातात हे. त्यानं काही केलं नाही. आवाजबिवाज मला काही ऐकू आला नाही. भ्यायला असेल. मीही भ्यालो असतो. बारा वर्षांत मी त्याला विचारलेलं नाही. तूही फार उकरू नकोस."

अबू युसूफ खजुराच्या पत्र्याच्या डब्यात आठ काडतुसं घेऊन आला. मी ती भिंगाखाली धरली. प्रत्येकाच्या बुडाशी मध्यभागी एक छोटी टिकली असते. पिन आपटली की तिच्यावर खळगा पडतो. काडतूस फुसकं निघालं, दारू दमट असली, तरी खळगा पडतोच. आठही टिकल्या गुळगुळीत होत्या.

"यांतल्या एकावरही पिन आपटलेली नाही," मी म्हणालो.

बोललो आणि माझ्या लक्षात आलं की मी काय केलं. हमदची जपमाळ थांबली. तो छताकडे बघायला लागला. अबू युसूफ माझ्याकडे बघत होता, वर्गात खोटं ठरवलेल्या मुलानं बघावं तसा.

"मी ओढला होता," तो म्हणाला. "मैंने खींचा था, भाई."

भावाला ऐकू जाईल असा पुरावा मी दिला होता आणि तो हमदच्या समजुतीला दुजोरा देणारा होता. टॅगवर असते तशी दोनच उत्तरं दिसत होती, पिस्तुलाचा दोष किंवा माणसाचा. पिस्तूल निर्दोष आहे हे नऊ वर्षं मीच लिहून देत होतो.

मी भिंतीवरच्या माझ्या नियमाकडे पाठ केली. सरावाची नकली काडतुसं मॅगझिनमध्ये भरली, ज्यांत दारू नसते, आणि पिस्तूल व मॅगझिन वेगवेगळं त्याच्यासमोर ठेवलं.

"त्या दिवशी जे केलंत ते करा. तसंच. समोर भिंत आहे, तिच्याकडे धरा."

त्यानं मॅगझिन मुठीत सरकवलं, तळहातानं ठोकून बसवलं. अंगठ्यानं सेफ्टीची कळ खाली केली. दोन पावलं बाजूला सरकला, जणू तिथं दार होतं. हात ताठ केला आणि चाप ओढला.

टक्.

"हेच," तो म्हणाला. "हाच आवाज. बघ, चालत नाही."

"पुन्हा करा."

त्यानं पुन्हा केलं. मॅगझिन, तळहात, अंगठा, चाप. टक्. स्लाइडला त्यानं बोटही लावलं नाही.

"अबू युसूफ, ही मागे कोण ओढणार?"

"ही? ही कशाला ओढायची?"

मग उलगडलं. घरात हत्यार म्हणून त्यानं आयुष्यात एकच पाहिलं होतं, वडिलांनी मुंबईत घेतलेलं रिव्हॉल्व्हर. त्यात गोळ्या घातल्या की झालं, चाप ओढा, सुटते. त्याच समजुतीनं त्यानं हेही वापरलं. काडतुसं मॅगझिनमध्ये होती, चेंबर रिकामं. पिन रिकाम्या जागेवर आपटली होती. म्हणून आवाज झाला आणि म्हणूनच खळगा नाही.

हे मी दोघांना समजावून सांगितलं. हमद कण्हत स्टुलावरून उठला.

"म्हणजे तू ओढला होतास."

"सांगतोय ना."

"आत्ता सांगतोयस. बारा वर्षांत कधी सांगितलंस?"

"तू कधी विचारलंस?"

हमदनं भावाचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचं चुंबन घेतलं. तिथं वडीलधाऱ्यांना असाच मान देतात. इतक्या जोरात घेतलं की अबू युसूफचा डोक्यावरचा रुमाल मागे घसरला. पण अबू युसूफ पिस्तुलाकडेच बघत होता.

"म्हणजे हे चांगलं होतं," तो म्हणाला. "एवढं एकदा मागे ओढलं असतं तर."

"ओढलं असतंस," हमद म्हणाला, "तर आज गावात एक गल्ली माझ्या नावाची असती, एक तुझ्या नावाची. आईच्या नावानं शाळा काढली असती. आणि चहाला कोण असतं? तीन सैनिक होते, आठ बाहेर ट्रकमध्ये. मी मोजले होते."

अबू युसूफनं माझ्याकडे पाहिलं. त्याला माझ्याकडून एक वाक्य हवं होतं, ते मला कळत होतं. मी म्हणालो, "महागड्या पिस्तुलात चेंबर भरलेलं आहे की रिकामं, हे दाखवणारी खूण असते. यात ती नाही. स्वस्त माल आहे."

यातला शब्दन् शब्द खरा होता. तरी शंभरात शंभर जाणाऱ्या पिस्तुलाची मी केलेली ती एकमेव निंदा.

मग मी त्याला स्लाइड ओढायला शिकवलं. बोटांत जोर कमी होता, चौथ्या खेपेला जमलं. टॅग बांधायला घेतला आणि पेन हातात धरून बसलो. दोन्ही शेरे बरोबर वाटेनात. तोवर तो उठला होता. पिस्तूल टेबलावरच ठेवून रिकाम्या फडक्याची घडी त्यानं खिशात घातली.

"राहू दे," तो म्हणाला. "तुझ्याकडे चालतं."

युद्ध आलं आणि बाजूनं गेलं. भोंगे वाजले, आम्ही जिन्याखाली बसलो, सैनिक कुणाच्या घरी आले नाहीत. पुढे हत्यारं जमा करायची सूचना निघाली तेव्हा अबू युसूफनं परवाना परत केला आणि ते पिस्तूल मी क्लबतर्फे पोलिसांकडे देऊन आलो. टॅग कोराच होता. घेणाऱ्या हवालदारानं विचारलं, चालतं का? मी म्हटलं, आमच्याकडे चालायचं.

तर सेक्रेटरीसाहेब, स्वस्तातलं पिस्तूल भरवशाचं असू शकतं. मी पंधरा वर्षं टेबलावर शांतपणे बसून, पोटभर जेवून ते सिद्ध केलं आहे. दाराआड उभं राहून मी कधीच तपासलं नाही.

दोन हजार आठ साली परत निघायच्या आधी अबू युसूफच्या घरी निरोप घ्यायला गेलो. भाऊ शेजारी शेजारी बसले होते. हमदनं माझ्या पुढ्यात खजूर सरकवले आणि पुण्यात ते कसले मिळतात याची कीव केली. उठताना अबू युसूफ दारापर्यंत आला. हात मिळवला, मग तो हात सोडून त्यानं दोन्ही हात छातीसमोर धरले. उजव्या मुठीत काही नव्हतं. डाव्या हातानं तिच्यावरून हवेतच काहीतरी घट्ट पकडून मागे ओढलं आणि सोडलं. अगदी शिकवलं होतं तसं, मनगट न वाकवता.

"अभी आता है, भाई," तो म्हणाला. आता येतं.

"आता कशाला?" आतून हमद ओरडला. "चहा निवतोय. ये."